जुनं बाँबर, नवं इंजिन : घोडं पेंड खातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा होता. अमेरिका वयाची साठी ओलांडलेली बी-५२ बाँबर विमानं नवी इंजिनं आणि नवं रडार बसवून २०५० च्याही पुढे वापरणार म्हणते. हा शहाणपणा की फाटक्या कपड्याला ठिगळ? एवढा पैसा ओतायचा तर नवंच विमान का बांधत नाहीत? आणि आठ जुनी इंजिनं उतरवायचीच आहेत, तर त्यांच्या जागी चार मोठी का बसवत नाहीत?

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. बाँबरवर मी हात लावून काम केलेलं नाही. माझी पंचवीसेक वर्षं जुन्या मालवाहू आणि गस्ती विमानांचं आयुष्य वाढवण्यात गेली, त्यातली निम्मी वायरिंगमध्ये. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला कलणार, हे गृहीत धरा. पण जुन्या विमानात नवं काही बसवायचं म्हटलं की दुखणी सगळीकडे तीच असतात.

ठिगळ आहे का? आहे. पण ठिगळाचं कापड कसं आहे यावर ते टिकणं ठरत नाही, शिवण कुठे घातली यावर ठरतं. नवं इंजिन विकत मिळतं, नवं रडार विकत मिळतं. नवं आणि जुनं जिथे भेटतं तो सांधा मात्र विमानागणिक हाताने करावा लागतो, आणि वेळ, पैसा, अब्रू सगळं तिथेच जातं.

आता वयाबद्दल. शेवटचं बी-५२एच ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात आलं. सगळे प्रकार मिळून ७४४ बांधली गेली होती, आज ७६ उरली आहेत आणि ती सगळी ‘एच’ आहेत. लुइझियानातलं बार्क्सडेल आणि नॉर्थ डकोटातलं मायनॉट हे त्यांचे दोन तळ. माणसाचं वय वर्षांत मोजतात. विमानाच्या वयाच्या तीन वह्या असतात : उड्डाणाचे तास, चढ-उतारांच्या फेऱ्या आणि कॅलेंडर. पहिल्या वहीत बी-५२ आश्चर्यकारकरीत्या तरुण आहे. शीतयुद्धात यातली पुष्कळ विमानं शस्त्रं भरून, हुकूम आला की निघायचं म्हणून धावपट्टीजवळ उभी असत. उभ्या विमानाच्या धातूला थकवा येत नाही. या विमानात सगळ्यात आधी संपणारा भाग म्हणजे पंखाचा वरचा पृष्ठभाग, आणि त्याची मर्यादा साधारण ३२,५०० ते ३७,५०० तास धरतात. बहुतेक विमानं त्याच्या बरीच अलीकडे आहेत. भरपूर वापरलेलं प्रवासी विमान याच्या दुप्पट तास उडून मग निवृत्त होतं.

शिवाय या सांगाड्याची परीक्षा फार लवकर झाली, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं. विमान आखलं होतं उंचावरून जाण्यासाठी. साठच्या दशकात सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या धाकाने त्याला जमिनीलगत उडवायला लागले आणि खालच्या दाट, खवळलेल्या हवेने त्याची हाडं खिळखिळी करायला सुरुवात केली. १० जानेवारी १९६४ ला असाच धक्क्यांचा अभ्यास करायला मोजमापाची उपकरणं लावून निघालेल्या एका बी-५२एचचा शेपटीवरचा उभा पंख हवेतच तुटून गेला. चक फिशर या बोइंगच्या चाचणी वैमानिकाने ते तसंच, शेपटीविना, आर्कान्सामधल्या ब्लाइदव्हिल तळावर उतरवलं. त्या काळात पंख आणि शेपूट दोन्हींची रचना मजबूत करून घेतली गेली. म्हणजे आज ज्या सांगाड्याच्या भरवशावर बेत चाललेत तो १९६२ सालचा कोरा सांगाडा नाही; एकदा मोडून, शिकून, बांधून घेतलेला आहे.

तिसरी वही मात्र कुणाला सोडत नाही. विमान उडो न उडो, गंज चढतो, टाक्यांच्या सांध्यातलं सीलंट कडक होतं, रबर भेगाळतं, वायरवरचं आवरण ठिसूळ होतं. म्हणून दर चार वर्षांनी प्रत्येक बी-५२ ओक्लाहोमातल्या टिंकर तळावर जातं आणि तिथे ते जवळजवळ सोलून काढतात. ७६ चा आकडा कागदावर असतो. त्यातली काही कायम पोट उघडून पडलेली असतात, हे पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवा.

आता इंजिन. बी-५२एचला प्रॅट अँड व्हिटनीची टीएफ-३३ जातीची आठ इंजिनं आहेत, चार जोड्यांत टांगलेली, प्रत्येकाचा रेटा १७,००० पौंडांच्या घरात. त्या काळातल्या प्रवासी जेट विमानांवर याच इंजिनाचा नागरी भाऊ होता. त्याचं उत्पादन १९८५ च्या सुमारास थांबलं. तेव्हापासून सुटे भाग म्हणजे जुन्या विमानांतून काढलेले, नाहीतर मुद्दाम करवून घेतलेले, आणि दर वर्षी महाग होत गेलेले. जानेवारी २०१७ मध्ये मायनॉटहून सरावाला निघालेल्या एका बी-५२चं इंजिन हवेत असताना सुटून खाली पडलं. उरलेल्या सातांवर विमान सुखरूप उतरलं. सात उरतात ही आठ इंजिनांची चैन खरी. पण इंजिन गळून पडू लागलं की चैनीबद्दल कुणी बोलत नाही.

चार मोठी इंजिनं का नाहीत, हा प्रश्न मला फार आवडला, कारण विमान बाहेरून पाहिलं की तेच सुचतं. १९९६ मध्ये बोइंगने नेमकं हेच सुचवलं होतं : प्रत्येक विमानाला आरबी-२११ जातीची चार मोठी इंजिनं, तीही भाड्याने. ते बारगळलं, आणि तांत्रिक बाजूने बघितलं तर बरंच झालं. समजा अगदी टोकाचं इंजिन टेकऑफच्या वेळी बंद पडलं. आठांतलं एक गेलं तर आठवा हिस्सा रेटा जातो. चारांतलं एक गेलं तर पाव हिस्सा जातो, तोही विमानाच्या मध्यापासून लांब. विमान त्या बाजूला वळू पाहतं आणि त्याला सरळ धरायचं काम शेपटीवरच्या सुकाणूचं, म्हणजे रडरचं. बी-५२चा रडर उंच आहे पण रुंदीला अगदी चिंचोळी पट्टी. तो लहान ठेवता आला याचं एक कारण म्हणजे या विमानाची मुख्य चाकं २० अंशांपर्यंत तिरकी वळवता येतात. आडव्या वाऱ्यात विमान खेकड्यासारखं तिरकं उतरतं आणि चाकं तेवढी धावपट्टीच्या रेषेत राहतात. म्हणजे रडरवर तो भार आखणाऱ्यांनी टाकलाच नव्हता. त्याच्यावर मोठ्या इंजिनाचा झोल सांभाळायची वेळ आणायची तर शेपूट बदला. शेपूट बदलली की मागचं धड तपासा. त्यात या विमानाचे पंख लवचिक, उड्डाणात टोकं वर-खाली भरपूर हलतात. त्यांना टांगलेल्या इंजिनांचं वजन त्या हलण्याच्या हिशेबाचा भाग आहे. टांगलेल्या इंजिनांचं वजन आणि ठेवण बदलली की फ्लटरचा, म्हणजे पंख फडफडण्याचा, सगळा अभ्यास पहिल्यापासून. मोठं इंजिन जमिनीला किती जवळ येतं हा प्रश्न वेगळाच.

म्हणून जिंकलं ते आठास आठ हे गणित. सप्टेंबर २०२१ मध्ये रोल्स-रॉइसच्या एफ-१३० इंजिनाची निवड झाली. ७६ विमानांना आठ, म्हणजे ६०८ इंजिनं आणि वर काही राखीव. करार जास्तीत जास्त २.६ अब्ज डॉलरचा. हे इंजिन लष्करासाठी नव्याने घडवलेलं नाही. मोठ्या खासगी बिझनेस जेटवर वर्षानुवर्षं चाललेलं बीआर-७२५ हे त्याचं मूळ, आणि बांधणी इंडियानापोलिसला. रेटा जवळजवळ जुन्याएवढाच, म्हणजे टांगण्याच्या जागा, रडर आणि उड्डाणाचं गणित फारसं ढवळावं लागत नाही. इंधन सुमारे ३० टक्के कमी लागेल असा अंदाज आहे. उत्पादकांचं म्हणणं असं की विमानाच्या उरलेल्या आयुष्यात हे इंजिन ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करायला, पंखावरून उतरवावंच लागणार नाही. हा दावा खरा ठरला तर सगळ्यात मोठी बचत इंधनात नाही, हँगरमध्ये आहे. इंजिन उतरवणं-चढवणं यात किती माणसं आणि किती रात्री जातात हे ज्याने केलंय त्याला विचारा.

हेच पंचवीस वर्षांपूर्वी का झालं नाही? हिशेबाच्या चुकीमुळे. हवाई दलाने बचत काढताना इंधनाची किंमत जमिनीवरच्या पंपाची धरली. प्रत्यक्षात बी-५२ इंधनाचा काही वाटा हवेत, टँकर विमानाकडून घेतं. तो टँकर, त्याचे वैमानिक, त्याचं स्वतःचं इंधन हे सगळं धरलं तर हवेत दिलेला तोच गॅलन कितीतरी पट महाग पडतो. संरक्षण विज्ञान मंडळाच्या अभ्यासगटाने नंतर हे दाखवून दिलं आणि इंजिन बदला असा सल्लाही दिला. तोवर जुन्याच इंजिनांत पैसा मुरत राहिला. त्यात भर म्हणजे, लवकरच निवृत्त होणार असं ज्या विमानाबद्दल दर दशकात म्हटलं जातं त्यात मोठा पैसा घालायला कुणी धजत नाही, आणि ते निवृत्तही होत नाही.

आता सांध्याकडे येऊ. जुन्या इंजिनाचं नियंत्रण यांत्रिक आहे. वैमानिकाच्या हाताखाली आठ थ्रॉटल दांडे, त्यांतून निघालेल्या पोलादी केबली, कप्प्यांवरून वळत, पंखातून लांबवर जाऊन इंजिनाच्या इंधन-नियंत्रकाला पोचतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात केबल ताणते, सैलावते. आठ दांडे एका रेषेत असले तरी आठ इंजिनं एकसारखी बोलत नाहीत आणि वैमानिक ती हाताने जुळवत बसतो. नव्या इंजिनाला दोन वाहिन्यांचा संगणकी नियंत्रक आहे. दांडा सरकवला की विद्युत संदेश जातो, बाकी इंजिन स्वतः बघतं. ऐकायला सोपं वाटतं, पण केबल काढली की विमानात नवी वायर न्यावी लागते. त्या वायरला आच्छादन हवं, कारण हे अण्वस्त्र वाहणारं विमान आहे आणि अणुस्फोटाच्या विद्युत-चुंबकीय झटक्यातही इंजिन चालू राहायला हवं. जुन्या पोलादी केबलला त्या झटक्याने काही होत नव्हतं. शिवाय नवी जनित्रं, कॉकपिटमध्ये नवे पडदे, नवे पायलन (इंजिन पंखाला टांगणारे खांब), नवी नासेल (इंजिनाभोवतीचं कवच). ‘इंजिन बदललं’ या दोन शब्दांत हे सगळं दडलेलं असतं.

नासेलचं तर वेगळंच. इंजिन सिद्ध, विमान सिद्ध. पण दोन इंजिनं शेजारी-शेजारी एका जोडीत बसवली की एकाच्या तोंडाशी जाणारी हवा दुसऱ्याच्या शेजाराने बिघडते. म्हणूनच मिसिसिपीतल्या नासाच्या स्टेनिस केंद्रात ही जोडी आडव्या वाऱ्यासकट चालवून बघितली. पुढे हवा आत घेणाऱ्या तोंडापाशी प्रवाह एकसारखा येत नाही असं आढळलं आणि आराखड्यात दुरुस्ती आली. इंजिनात दोष नव्हता, विमानातही नव्हता. मी सांधा म्हणतो तो हाच.

एक प्रसंग सांगतो. एका जुन्या मालवाहू विमानात नवं हवामान रडार बसवायचं होतं. कागदावर आठवड्याचं काम : जुना डबा काढा, नवा बसवा, नाकापासून मधल्या रॅकपर्यंत नवी लूम, म्हणजे वायरींची जुडी, ओढा. आराखड्यात लूम कुठल्या फ्रेममधल्या कुठल्या भोकातून न्यायची ते होतं. पॅनेल उघडलं, काठीवरचा आरसा आत घातला, बॅटरी मारली, तर भोकासमोर एक ब्रॅकेट. कुणीतरी, कधीतरी, दुसऱ्या कुठल्या तरी दुरुस्तीत ते मारलं होतं आणि नोंद केली नव्हती. वळवून घेऊ म्हणून शेजारची जुनी लूम बोटाने बाजूला केली, तर वायरवरचं आवरण बिस्किटासारखं तुटून हातात आलं. आता ती लूमही बदलणं आलं. ती ज्या कनेक्टरला जाते तो वीस वर्षांपूर्वी बनायचा बंद झालेला. आठवड्याचे सात आठवडे झाले. दुसऱ्या विमानात भोक मोकळं होतं, पण फ्रेमच जवळजवळ बोटभर पुढे. तिसऱ्यात तिसराच प्रकार. तेव्हापासून मी ‘एका विमानाला लागणारा वेळ’ गुणिले ‘विमानांची संख्या’ असा हिशेब केलेला कागद दिसला की तो बाजूला ठेवतो.

ही गोष्ट किती मोठी होऊ शकते ते बघायचं तर ब्रिटनचं निमरॉड बघा. बाँबर नव्हे, समुद्रावर गस्त घालणारं विमान. मूळ कॉमेट या प्रवासी जेटचं. १९९६ मध्ये ठरलं की २१ जुन्या निमरॉडची धडं ठेवायची आणि त्यांना नवे पंख, नवी इंजिनं, नवी यंत्रणा द्यायची. इंजिन कुठलं? रोल्स-रॉइसचं बीआर-७१०, म्हणजे आज बी-५२साठी निवडलेल्या इंजिनाचंच कुळ. इंजिनाने काही दगा दिला नाही. नवे पंख संगणकी अचूकतेने बनवले, आणि ते धडाला लावायला गेल्यावर कळलं की साठच्या दशकात हाताने बांधलेली धडं एकासारखं एक नाहीत, फरक काही इंचांचा. २१ ची संख्या घटत घटत ९ वर आली, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये अब्जावधी पौंड खर्चून झाल्यावर अख्खा कार्यक्रम रद्द झाला. सेवेत एकही विमान आलं नाही. जुन्या विमानाचं आधुनिकीकरण असा शब्द कुणी काढला की मला पहिलं निमरॉड आठवतं. बी-५२ची मंडळी पंखाला हात लावत नाहीत, इंजिनांची संख्या बदलत नाहीत, रेटा बदलत नाहीत, यात मला भित्रेपणा दिसत नाही. सांधे कमीत कमी ठेवायची ती अक्कल आहे.

रडारचं थोडक्यात. आत्ताचं रडार ऐंशीच्या दशकातलं, तबकडी यंत्राने फिरवणारं, आणि वरचेवर बिघडणारं. नवं आहे एएन/एपीक्यू-१८८, एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानावरच्या एपीजी-७९ वरून केलेलं, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झोत वळवणारं. रडार निवडण्यात शहाणपण तेच : आधीच चालणारं घ्या. पण नाकापेक्षा मोती जड व्हायची भीती असते. असं रडार वीज खातं आणि उष्णता ओकतं. थंड करायला द्रव फिरवावा लागतो, आणि मायनॉटच्या हिवाळ्यात विमान उघड्यावर गोठून उभं असेल तर कडाक्याच्या थंडीसाठी उलट इंजिनाची गरम हवा आणून द्यावी लागते. नाकात बसवायचा डबा एक, त्याच्यामागे येणारी वरात ही एवढी. रडारच्या कामाचा खर्च इतका वाढला की २०२५ मध्ये नन-मॅकर्डी कायद्यातली १५ टक्क्यांची रेघ ओलांडली गेली. या कायद्यानुसार नगामागचा खर्च चालू मंजूर अंदाजाच्या १५ टक्के वर गेला की काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कळवावं लागतं. २५ टक्के वर गेला की कार्यक्रम बंद होणार असं गृहीत धरतात, आणि तो चालू ठेवणं देशाच्या सुरक्षेला आवश्यक आहे असं संरक्षणमंत्र्याने लेखी प्रमाणित केलं तरच वाचतो. आपल्याकडे ‘खर्च वाढला’ एवढीच बातमी होते, पण त्या रेघा कुठे आखल्यात हे माहीत असलं की बातमीचं वजन कळतं.

रडारपेक्षाही कमी चर्चा होते ती विमानाच्या आतल्या वाटांची. शस्त्रं आणि उपकरणं एकमेकांशी बोलतात ती सत्तरच्या दशकातल्या एका लष्करी मानकावर, १५५३ नावाच्या बसवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक संदेशवाहिनीवर, वेग सेकंदाला एक मेगाबिट. तुमच्या फोनला हा वेग लाजिरवाणा वाटेल. पण ती बस भरवशाची आहे आणि तिच्यावर सगळी शस्त्रं प्रमाणित झालेली आहेत, म्हणून तिला उखडत नाहीत; तिच्या शेजारून नवी, वेगवान वाट काढतात. संपर्काची यंत्रणा बदलण्याआधी उडत्या बी-५२ला नवं लक्ष्य द्यायचं तर आकडे रेडिओवर वाचून दाखवायचे आणि आतल्या माणसाने ते हाताने टंकायचे, असा कारभार होता. एक आकडा चुकला की बाँब दुसरीकडे. आता ते थेट पडद्यावर येतात. तसंच पोटातल्या फिरत्या रॅकचं. आधी दिशादर्शित बाँब फक्त पंखाखाली लावता येत, १२. पोटातल्या रॅकला त्यांच्याशी बोलणारी वायर दिल्यावर आणखी ८ आत मावले. विमानाच्या आकारात, वेगात, इंजिनात काडीचा बदल नाही, आणि मारा दोन-तृतीयांशाने वाढला. माझ्या लेखी सगळ्या सुधारणांत पैशाचं सगळ्यात जास्त चीज इथे झालं. छायाचित्रात ते दिसत नाही, म्हणून त्याची कुणाला खबर नाही.

कधी कधी तर बदल करायला विमान जुनं व्हावंच लागत नाही. बी-२ या स्टेल्थ, म्हणजे रडारला सहसा न सापडणाऱ्या, बाँबरचं रडार दोन हजारच्या दशकात बदलावं लागलं, कारण ते ज्या रेडिओ लहरीवर चालत होतं ती लहर सरकारने नागरी वापराला द्यायची ठरवली. रडार उत्तम चाललं होतं. त्याची हवेतली जागाच दुसऱ्याची झाली.

माणसांचं ज्ञान हाही एक सांधाच, आणि तो सगळ्यात आधी तुटतो. २३ फेब्रुवारी २००८ ला ग्वाममध्ये बी-२ ‘स्पिरिट ऑफ कॅन्सस’ टेकऑफच्या क्षणी कोसळलं. दोन्ही वैमानिक बाहेर फेकले जाऊन वाचले. हवेचा दाब मोजणाऱ्या संवेदकांत दमटपणामुळे पाणी साचलं होतं, संगणकांनी चुकीचा वेग धरला आणि नाक वर उचललं. संवेदक जुळवण्याआधी त्यांची उष्णता चालू केली की पाणी उडून जातं, ही युक्ती काही जणांना आधीच्या मुक्कामात सापडली होती. ती तोंडी राहिली, सगळ्यांपर्यंत पोचली नाही. बी-५२च्या बाबतीत याची काळजी मला जास्त वाटते. आठ केबली हाताने जुळवणारा जुना मिस्त्री निवृत्त होईल तेव्हा नव्या विमानाला त्याची गरज नसेल. पण बदलाच्या आठ-दहा वर्षांत ताफ्यात दोन्ही प्रकारची विमानं उभी असतील आणि दोन्हींचे सुटे भाग, दोन्हींची प्रशिक्षणं, दोन्हींच्या पुस्तिका सांभाळाव्या लागतील. तो काळ सगळ्यात महाग असतो आणि सादरीकरणात त्याच्या नावाची ओळसुद्धा नसते. माणसंही कमी होत चालली आहेत : १९९१ मध्ये शेपटीतली तोफ आणि तोफची गेला, सहाचे पाच झाले, नव्या रूपात, ज्याला बी-५२जे म्हणणार आहेत, चारच असतील असा बेत आहे.

नवंच का बांधत नाहीत? बांधताहेत की. बी-२१ हे नवं स्टेल्थ बाँबर नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि किमान १०० घ्यायची आहेत. पण ते शत्रूच्या रडारला चकवून आत घुसण्यासाठी आहे. बी-५२ कुठलंही नवं इंजिन लावून तिथे जाऊ शकत नाही. ५६ मीटर पंखांचं, रडारवर घराएवढं दिसणारं विमान आहे ते. त्याचं काम आता बाहेर, लांब उभं राहून क्रूझ क्षेपणास्त्रं सोडायचं. त्या कामाला लपणं लागत नाही. पोट मोठं, पल्ला लांब आणि तासाचा खर्च सोसण्याजोगा एवढं पुरतं. म्हणून गंमत अशी की बी-५२पेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी तरुण असलेली बी-१ आणि बी-२ आधी जाणार. बी-१चे पंख मागे-पुढे फिरतात आणि ती यंत्रणा, अधिक वर्षानुवर्षांचा कडक वापर, यांनी सांगाडा थकला. २०२१ मध्ये १७ विमानं काढून ४५ ठेवली. एक जुनं बी-१ कॅन्ससमधल्या विचिटाला नेऊन, पूर्ण सुटं करून, भाग न् भाग स्कॅन करून त्याची संगणकी प्रतिकृती करायला घेतली, म्हणजे पुढची भेग कुठे पडेल याचा अंदाज आधी यावा. निमरॉडच्या वेळी हे तंत्र असतं तर पंख बनवायच्या आधी धडं मोजली गेली असती.

इतरांनी काय केलं तेही बघा. सोव्हिएत टीयू-१६, टीयू-९५ आणि अमेरिकी बी-५२ या तिन्ही बाँबरचं पहिलं उड्डाण एकाच वर्षातलं, १९५२. चीनने टीयू-१६ वरून एच-६ केलं आणि आकार तोच ठेवून विमानंच नव्याने बांधत राहिला. ‘एच-६के’ या त्याच्या नव्या रूपाला रशियन डी-३०केपी-२ इंजिनं, नाकातली काच जाऊन तिथे रडार, पंखाखाली सहा क्रूझ क्षेपणास्त्रं. कारखाना चालू असेल तर हा रस्ता सगळ्यात सरळ, कारण प्रत्येक विमान आराखड्याबरहुकूम असतं, फ्रेमपुढे बोटभर सरकलेलं काही नसतं. रशियाच्या टीयू-९५ची बांधणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. आहेत त्यांनाच नवी क्षेपणास्त्रं लावून चालवतात. १ जून २०२५ ला युक्रेनच्या ड्रोननी तळांवर उभी असलेली टीयू-९५ आणि टीयू-२२एम३ विमानं जाळली. ज्याचा कारखाना बंद आहे त्या ताफ्यातलं एक विमान गेलं म्हणजे गेलंच. अमेरिकेचाही बी-५२चा कारखाना १९६२ पासून बंद आहे. एक नष्ट झालं तेव्हा अॅरिझोनाच्या वाळवंटात २००८ पासून उभं असलेलं ‘वाइज गाय’ नावाचं विमान २०१९ मध्ये उडवून आणलं, आणि २०२१ मध्ये ते सेवेत परत आलं. वाळवंटातला तो साठाही काही अक्षय्य नाही.

२०५० पर्यंत खरंच चालेल का, असं विचाराल तर सांगाडा चालेल असं मला वाटतं. वेळापत्रकावर माझा विश्वास कमी आहे. नव्या इंजिनांसह वापरायोग्य ताफा २०३३ च्या आसपास म्हणतात, आणि तोवर टीएफ-३३ ओढत न्यावं लागणार आहे. यापुढे बातम्या वाचताना पहिलं बदललेलं विमान कधी उडालं याच्याकडे फार बघू नका. पहिल्या विमानावर सगळे निवडक मिस्त्री असतात. दहावं विमान हँगरमध्ये किती दिवस होतं, आणि त्या दिवसांत बार्क्सडेल-मायनॉटला उडण्याजोगी किती उरली होती, एवढे दोन आकडे कुठे मिळाले तर मलाही कळवा.